करण्यात आले

"या एका 'येणे'नं आजवर किती माणसं पसार केली असतील, मामा?" असं म्हणत मी वही त्यांच्यापुढे ठेवली.

गेला महिनाभर सुट्टीच्या दिवशी मी ग्रंथालयात बसून जुन्या मराठी दैनिकांच्या बांधीव फायली चाळत होते. चाळीस ते साठच्या दशकांतल्या. कागद इतका ठिसूळ झालेला, की पान उलटताना कोपरा हातात येतो. बातम्या वाचायला गेले होते, त्या बाजूलाच राहिल्या आणि मी वाक्यांची शेपटं उतरवून घेत बसले. लाठीमार करण्यात आला. अश्रुधूर सोडण्यात आला. संचारबंदी जारी करण्यात आली. मागणी फेटाळण्यात आली. कामगारांना कमी करण्यात आले. वहीची अकरा पानं अशीच भरली.

मामा एका मराठी दैनिकात ३१ वर्षं होते, त्यातली २२ रात्रपाळीत. उपसंपादक, मग मुख्य उपसंपादक. टेलिप्रिंटरवर येणारी इंग्रजी बातमी फाडून घ्यायची, मराठी करायची, खिळे जुळवणाऱ्याकडे धाडायची आणि डाक आवृत्तीचं पान वेळेत सोडायचं, यात त्यांचं आयुष्य गेलं. मी चौदा वर्षं महापालिका आणि कोर्टाच्या बातम्या करते. आमचं भांडण जुनं आहे, पण एका क्रियापदावरून पहिल्यांदाच झालं.

त्यांनी वही शेवटपर्यंत वाचली. घाईनं काही वाचायची त्यांना सवय नाही.

"चूक काय यात?"

"लाठी कोणी मारली?"

"पोलिसांनी. दुसरं कोण मारणार? वाचकाला कळतं ते."

"कळतं तर लिहायला काय हरकत होती?"

"कळतं म्हणूनच लिहायची गरज नव्हती. कॉलमात जागा किती असायची ठाऊक आहे तुला?"

"'पोलिसांनी लाठीमार केला' आणि 'लाठीमार करण्यात आला'. मोजा अक्षरं. दोन्हींत दहा-दहाच आहेत."

त्यांनी खरोखर बोटांवर मोजली. मग हसले आणि म्हणाले, "बरं, जागेचा मुद्दा मागे घेतो. आता तुझा सांग."

माझा मुद्दा असा होता. घरात, रस्त्यावर आपण हे 'येणे' कुठं वापरतो? परवा एक चांगलं पुस्तक वाचनात आलं. त्या बाईंना कुठंतरी पाहण्यात आलंय. बोलता बोलता बोलण्यात आलं. पोराच्या चुकून काहीतरी खाण्यात आलं. सगळीकडे अर्थ एकच: ठरवलं नव्हतं, आपसूक झालं. करणारा तिथं असतो, पण त्याची इच्छा नसते. मराठी कानाला 'खाण्यात आलं' म्हटलं की दोष कमी झाल्यासारखा वाटतो, म्हणून तर आई डॉक्टरला सांगताना हेच रूप वापरते. आता तेच रूप गोळीबाराला लावा. गोळीबार करण्यात आला. वाक्य सरकारी झालं हे खरं, पण घरातला जुना अर्थ त्याच्या अंगाला चिकटूनच राहतो. पाऊस यावा तसा गोळीबार आला.

मामा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "हे निरीक्षण चांगलं आहे. पण यातून तू काढतेस तो निष्कर्ष उलटा आहे. राग येतो, झोप येते, कंटाळा येतो, आठवण येते, ताप येतो. मला पोहता येतं, तुला मराठी येतं. आपल्या भाषेत माणूस सगळ्याच्या मागे लागत नाही, गोष्टी माणसाकडे येतात. हा मराठीचा स्वभाव आहे. कर्त्याला जरा बाजूला बसवून जे घडलं त्याला पाटावर बसवायचं. बातमी दुसरं काय करते?"

"तो स्वभाव सरकारी दफ्तरानं वापरून घेतला. बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ला निघालं, तेव्हा पानावर इंग्रजी आणि मराठी शेजारी शेजारी छापत होते. आपली वृत्तपत्री मराठी पहिल्या दिवसापासून इंग्रजीला खेटून वाढली. राज्यकर्त्यांच्या इंग्रजीत हुकूम नेहमी दिला जातो, देणारा दिसत नाही. तेच वळण आपण 'येणे'वर उचललं असं मला वाटतं."

"शेजारी बसलं म्हणून नातं लागत नाही, बयो. कर्ता मागे ठेवायची रूपं मराठीत त्याच्या कितीतरी आधीची आहेत. शिवकालीन पत्रांच्या शेवटी 'जाणिजे' असतं, ते कुठल्या इंग्रजीतून आलं? आणि आपलं 'पाहिजे'! 'पाहणे'चं जुनं कर्मणी रूप आहे ते. छोट्या जाहिरातींच्या पानावर इतकी वर्षं 'पाहिजेत' हा मथळा छापला, कुणी विचारलं का, कोणाला पाहिजेत?"

हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, पण त्या क्षणी उत्तर सुचलं नाही. मामांकडे मोरो केशव दामल्यांचं १९११चं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' आहे आणि प्रयोगांचं प्रकरण त्यांनी इतक्यांदा वाचलंय, की शिवण उसवलीय. मी बाजू बदलली.

"व्याकरणच काढलंत तर हेही बघा. 'शिपायानं गोळी झाडली.' क्रियापद शिपायाच्या मागे जातं का? नाही, गोळीच्या मागे जातं. गोळी स्त्रीलिंगी म्हणून 'झाडली'. भूतकाळात मराठी आधीच कर्त्याकडून क्रियापद काढून घेते आणि जे घडलं त्याला देते. म्हणजे तुम्ही म्हणता तो पाट आहेच मांडलेला. कर्त्याला फक्त एक 'नं' लावून दाराशी उभं केलेलं असतं, तेवढी साक्ष पुरते. मग त्याला दाराबाहेर घालवायला आणखी एक 'येणे' कशाला?"

"कारण कधी कधी तो कोण हे माहीत नसतं. आणि कधी माहीत असतं, पण सिद्ध नसतं."

इथून आमचं बोलणं खरं सुरू झालं. आधीची चकमक शब्दांची होती.

मामांनी कोल्हापूर प्रकरण काढलं. 'केसरी' ४ जानेवारी १८८१ला सुरू झाला. कोल्हापूरच्या महाराजांचे हाल होताहेत, त्यामागे दिवाण माधवराव बर्वे आहेत, असं 'केसरी' आणि त्याच्या जोडीच्या इंग्रजी 'मराठा'नं सुरुवातीच्या काळातच पत्रांच्या आधारे छापलं. पत्रं बनावट निघाली. अब्रुनुकसानीचा खटला झाला, दिलगिरी व्यक्त करूनही टिळक-आगरकरांना शिक्षा झाली आणि १८८२ साली दोघांनी १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढले. आगरकरांनी पुढे त्यावर पुस्तक लिहिलं.

"कर्त्याचं नाव घेतलं होतं त्यांनी," मामा म्हणाले. "ठळक, थेट, तुला हवं तसं. हेतू स्वच्छ होता, तळमळ खरी होती आणि कर्ता चुकला. महाराजांचे हाल होत होते हे खोटं नव्हतं. 'हाल करण्यात येत आहेत' एवढ्यावर थांबले असते तर वाक्य खरं राहिलं असतं. आणि १९०८ घे. 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' या लेखांवरून राजद्रोहाचा खटला झाला. टिळकांनी कोर्टात कितीतरी वेळ कशावर घालवला? सरकारी भाषांतरावर. मराठी शब्दाचा अर्थ इंग्रजीत काय केला, यावर. शेवटी सहा वर्षं मंडाले. त्यानंतरच्या प्रत्येक मराठी संपादकाच्या हाडात हे मुरलंय की वाक्य कोर्टात वाचलं जाणार आहे. माझ्या टेबलावरचा पोरगा 'करण्यात आले' लिहायचा, तेव्हा तो कुणाचा बचाव करत नव्हता. आपल्याला माहीत आहे तेवढंच लिहायचं, हे शिकत होता."

हे मी उडवून लावू शकत नाही. कोर्टाच्या बातम्या करणाऱ्या माणसाला हे रोज भेटतं. एखाद्याला अटक करण्यात आली, असं मीही लिहिते आणि 'त्यानं चोरी केली' असं निकालाआधी कधी लिहीत नाही.

"पण मामा, तुमच्या त्या सावधपणाला एक बाजू आहे. ही बघा." मी वहीचं मागचं पान उघडलं. तिथं दुसऱ्या जातीची शेपटं होती. पुलाचे उद्घाटन अमुक यांच्या हस्ते करण्यात आले. शाळेच्या नव्या इमारतीची कोनशिला अमुक यांच्या शुभहस्ते बसविण्यात आली. पारितोषिके अमुक यांच्या हस्ते वाटण्यात आली. "इथंही 'येणे'च आहे. व्याकरण तेच. पण फीत कापली तेव्हा कर्ता कधी हरवला नाही. त्याच्यासाठी भाषेनं 'हस्ते' असा खास शब्द ठेवला, कुणी 'शुभ'ही जोडलं. गोळीबार कुणाच्या हस्ते झाला, ते कधी छापलं?"

मामांनी चष्मा काढला. हा वार लागला होता.

"नाही छापलं," ते म्हणाले. "सरकारी पत्रक तसंच यायचं. गाव-तालुक्याच्या वार्ताहराची बातमीही तशीच यायची. फीत कापणाऱ्याचं नाव गाळलं तर दुसऱ्या दिवशी फोन येई. लाठी मारणाऱ्याचं नाव गाळलं म्हणून कुणाचा फोन आल्याचं मला आठवत नाही."

आणि मग त्यांनी स्वतःच्याच बाजूनं एक गोष्ट सांगितली, जिचा मी विचार केला नव्हता. २१ नोव्हेंबर १९५५ला मुंबईत फ्लोरा फाउंटनला संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. मामा तेव्हा शाळकरी होते, पण घरात त्या बातम्या मोठ्यानं वाचल्याचं त्यांना आठवतं. "लोक चौकात कुणाचं नाव घेत होते? बंदुकीवाल्या शिपायाचं? नाही. मुख्यमंत्री मोरारजींचं. आता तू म्हणतेस तसं 'पोलिसांनी गोळीबार केला' असं लिही. वाक्य सरळ झालं, धीट झालं. पण त्यात बंदूक धरणारा हातच दिसतो. तो पंधरा-वीस रुपये जास्त मिळतात म्हणून खेड्यातून भरती झालेला असेल. हुकूम देणारा त्या धीट वाक्यातही सुखरूप राहतो. 'करण्यात आला' निदान प्रश्न उघडा ठेवतो: कोणाकडून? तुझं वाक्य तो प्रश्न स्वस्तात मिटवतं."

मला वाटतं, त्या संध्याकाळचं हे सगळ्यात चांगलं वाक्य होतं. सरळ वाक्यही अर्धं खरं असू शकतं. शिपाई हा कर्ता, पण करविता वेगळा. पुढल्या वर्षी, १५ नोव्हेंबर १९५६ला, आचार्य अत्र्यांनी 'मराठा' दैनिक काढलं आणि करवित्याची नावं घेऊन त्याला रोज पहिल्या पानावर ओढलं. लोकांना ते हवं होतं, कारण एरवीच्या बातमीत ते सापडत नव्हतं.

"मग 'मराठा' का काढावा लागला?" मी म्हणाले. "उघडा ठेवलेला प्रश्न लोकांना पुरत होता तर? आणि त्याच्या आधीचं बघा. २० मार्च १९२७ला महाडला चवदार तळ्याचं पाणी पिऊन लोक परतले, त्यांच्यावर हल्ला झाला. दोनच आठवड्यांनी, ३ एप्रिलला, बाबासाहेबांनी 'बहिष्कृत भारत' सुरू केलं. त्याआधी १९२०ला 'मूकनायक'. ज्याला मार बसतो त्याला 'मारहाण करण्यात आली' हे वाक्य बातमी वाटत नाही. त्याला सगळं आधीच माहीत आहे. कोणी मारलं, कोणत्या आळीतल्या लोकांनी मारलं, कोण बघत उभं होतं. त्याच्यासाठी बातमी म्हणजे ते दुसऱ्या कुणीतरी मोठ्यानं म्हणणं. आपलं स्वतःचं पत्र काढल्याशिवाय ते म्हटलं जाणार नाही, हे बाबासाहेबांना दिसत होतं."

"बहिष्कारात कर्ता अख्खा गाव असतो," मामा हळू म्हणाले. "पाणी तोडलं जातं, दुकानदार माल देत नाही, न्हावी बोलावल्यावर येत नाही. नाव कुणाचं लिहिणार?"

"गावाचं. 'गावानं बहिष्कार टाकला.' गाव हाही कर्ता असतो, मराठीत एकवचनी."

चहा झाला. मामींनी मधेच येऊन दोघांना दिवा लावायची आठवण केली, आम्ही अंधारातच बसलो होतो. दिवा लावल्यावर मामा बराच वेळ वहीकडे बघत बसले आणि मग त्यांनी नागपूरची रात्र सांगितली. ती त्यांनी आजवर घरात कुणाला सांगितली नव्हती.

२३ नोव्हेंबर १९९४. नागपुरात हिवाळी अधिवेशन चालू होतं. आदिवासी म्हणून मान्यता मिळावी या मागणीसाठी गोवारी समाजाचा प्रचंड मोर्चा विधान भवनाकडे आला होता. संध्याकाळी लाठीमार आणि चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसं गेली, त्यांत बायका आणि मुलं जास्त. मामा त्या रात्री पुण्यात टेबलावर होते.

"आकडा वाढत होता," ते म्हणाले. "दर थोड्या वेळानं नवी तार. मी पहिल्या परिच्छेदात 'चेंगराचेंगरी झाली' लिहिलं. 'झाली'. मग खाली 'लाठीमार करण्यात आला'. दोन वाक्यांच्या मधे दहा-बारा ओळींचं अंतर होतं. एकामुळे दुसरं झालं का, आधी काय, नंतर काय, हे मला पुण्यात बसून माहीत नव्हतं आणि जे माहीत नाही ते मी जोडलं नाही. आजही म्हणेन की त्या रात्री मला तेवढाच हक्क होता. पण दुसऱ्या दिवशी? तिसऱ्या दिवशी? आमची माणसं तिथं पोचली, बायकांशी बोलली, आणि बातमीची शेपटं तीच राहिली. 'झाली', 'आला'. पहिल्या रात्रीचं क्रियापद नंतर कुणी बदलत नाही गं. ते तसंच वर्षानुवर्षं पुढे जातं. स्मृतिदिनाच्या बातमीतही तेच छापून येतं. याचं मला वाईट वाटतं. 'येणे' वापरल्याचं नाही वाटत. ते काढून घ्यायला परत गेलो नाही, याचं वाटतं."

मी काही बोलले नाही. मामांनी विचारलं, "तू एवढी या क्रियापदामागे का लागलीस? फायली चाळायला कुणी सांगितलं नव्हतं तुला."

सांगायचं नाही असं ठरवून आले होते. पण त्यांनी त्यांची रात्र सांगितली होती.

दोन वर्षांपूर्वी शहराच्या एका टोकाला ड्रेनेजच्या चेंबरमध्ये दोन मजूर गुदमरून गेले. रात्री साडेनऊला कळलं, पावणेअकराला पान सुटणार होतं. पोलिसांत नोंद अकस्मात मृत्यूची. मी लिहिलं, 'सफाईसाठी दोन मजुरांना चेंबरमध्ये उतरविण्यात आले होते.' लिहिताना हात थांबला नाही. चौदा वर्षांत हे वळण हाताला इतकं बसलंय, की वाक्य आपोआप तिथंच जाऊन थांबतं. सुरक्षासाधनांशिवाय माणूस गटारात उतरवणं २०१३च्या कायद्यानं गुन्हा आहे. गुन्हा उतरणाऱ्याचा नाही, उतरवणाऱ्याचा. सगळा कायदा त्या एका माणसाला शोधायला केलेला, आणि माझ्या वाक्यात तोच नव्हता.

"शब्द बघा, मामा. 'उतरणे' नाही, 'उतरवणे'. त्यातला 'व' ओरडून सांगतोय की उतरवणारा कुणीतरी आहे. मजूर आपणहून उतरले असते तर मी 'उतरले' लिहिलं असतं. म्हणजे मला ठाऊक होतं की कुणीतरी आहे, मी 'व' लिहिला. आणि पुढच्याच शब्दात 'येणे' लावून त्याला घरी पाठवला."

"नाव तुझ्याकडे होतं?"

"नव्हतं."

"मग तू बरोबर केलंस. अंदाजानं एखाद्या ठेकेदाराचं नाव छापलं असतंस आणि तो दुसराच निघाला असता तर? बनावट पत्रांवर भले भले फसले."

"'ठेकेदाराचे नाव सांगण्यास पोलिसांनी नकार दिला' एवढं लिहिता आलं असतं. त्यासाठी विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही."

मामा मान हलवत राहिले. पटलं म्हणून की दुसरं काही म्हणायचं होतं म्हणून, मला कळलं नाही. "एक ओळ वाढली असती," ते म्हणाले. आणि लगेच, "एक ओळ काढता आली असती कुठूनही."

मी पर्समधून कात्रण काढलं. त्या बातमीचं. माझ्या हातानं कापलेलं नव्हतं; कडा वाकड्या होत्या, भाजीच्या विळीनं कापल्यासारख्या. त्यातल्या एका मजुराची बायको आठ-दहा दिवसांनी कार्यालयात आली होती. खालच्या मजल्यावर पहारेकऱ्यापाशी तासभर बसली होती. शिकलेली नव्हती फार, पण वाचता येत होतं. 'उतरविण्यात आले होते' या तीन शब्दांखाली तिनं निळ्या बॉलपेननं रेघ ओढली होती. ती भांडायला आली नव्हती. तिनं कात्रण टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "ताई, हे कोणी उतरवलं, ते तुम्ही लिहायचं विसरलात का?"

मामांनी कात्रण दिव्याजवळ धरलं. रेघ पुसट झाली होती, पण दिसत होती. त्यांनी अंगठा त्या रेघेवरून एकदा फिरवला.

"तू काय सांगितलंस तिला?"

"विचारलं, ठेकेदाराचं नाव तुम्हाला माहीत आहे का."

"मग?"

"माहीत होतं. सकाळी तोच टेम्पो घेऊन न्यायला आला होता दाराशी. तिनं त्याला चहा दिला होता."

"म्हणजे पहिल्या रात्रीपासून तिला माहीत होतं."

"हो. त्या रात्री मी पोलीस ठाण्यात फोन केला, अग्निशमन दलाला केला, वॉर्ड ऑफिसला केला. तिच्या घरी गेले नाही."

मामांनी कात्रण घडी न करता वहीत ठेवलं, अकराव्या पानावर, आणि वही माझ्याकडे सरकवली.